खाँसाहेब कोणाचे? : भूमिका, पूर्वनट आणि रसिकांची चर्चा

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराचा विचार केला, संहितेचा केला, पुढे दिग्दर्शकाचा आणि नेपथ्याचाही केला. मात्र एका गोष्टीकडे तिने आजवर काणाडोळा केलेला आहे असे म्हणावेसे वाटते. एखादी गाजलेली भूमिका एका नटाकडून दुसऱ्या नटाकडे जाते तेव्हा रसिकांमध्ये एक चर्चा सुरू होते. 'पहिल्याची सर नाही', 'आवाज आहे पण जरब नाही', 'हा वेगळा करतो, पण वाईट करत नाही' अशी तिची भाषा असते. ही चर्चा आपण नाट्यगृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवतो आणि मगच समीक्षेच्या दालनात प्रवेश करतो. ती हौशी, भाबडी, व्यक्तिपूजक आहे, तिला सैद्धांतिक मूल्य नाही, असे आपण गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक तपासून पाहावे असा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही चर्चा म्हणजे कच्च्या स्वरूपातील समीक्षाच होय, आणि तिच्यात अशी एक संकल्पना दडलेली आहे जिला आपल्या नाट्यविचारात अद्याप नावही मिळालेले नाही.

उदाहरण म्हणून वऱ्हाडातील वाचकाला जवळची वाटेल अशी भूमिका घेतो. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली 'नाट्यसंपदा'ने रंगभूमीवर आणले. पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत, पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिव म्हणून प्रसाद सावकार, झरीना म्हणून फैयाज आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून डॉ. वसंतराव देशपांडे. दारव्हेकर नागपूरचे. वसंतराव १९२० साली अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या परिसरात जन्मले आणि नागपुरात वाढले. तेव्हा पुण्या-मुंबईच्या संगीत रंगभूमीला मरगळ आलेली असताना तिला जाग आणणाऱ्या या नाटकाचा नाटककार आणि त्याचा प्रमुख गायकनट हे दोघेही विदर्भाचे होते, एवढे अभिमानाने नोंदवायला हरकत नसावी. अभिमान इथेच संपवून मुद्द्याकडे वळू.

वसंतरावांचे निधन ३० जुलै १९८३ रोजी झाले. आपले विद्यापीठ त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्थापन झाले. याचा अर्थ असा की गेल्या तीनचार दशकांत या विद्यापीठात मराठीचे अध्ययन केलेल्या विद्यार्थ्यांपैकी वसंतरावांचे खाँसाहेब जाणत्या वयात रंगमंचावर पाहिलेला विद्यार्थी शोधूनच काढावा लागेल. प्रस्तुत लेखकानेही ते पाहिलेले नाहीत. असे असताना, २०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे राहिले आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे ठाकले, तेव्हा अमरावती-अकोल्यात चर्चा कोणत्या शब्दांत झाली? 'वसंतरावांची ती तान', 'वसंतरावांचा तो ठसका', 'वसंतराव ती ओळ कशी सोडत असत'. बोलणाऱ्यांत पंचविशीतील मुले होती. ज्यांनी मूळ पाहिलेच नाही ते नव्याची मुळाशी तुलना करीत होते, आणि ही तुलना पोकळ नव्हती. तिच्यात स्वरांचे बारकावे होते, शब्दोच्चारांचे होते, कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये याविषयीची निश्चित मते होती.

न पाहिलेल्याची ही आठवण कोठून आली? अर्थात ध्वनिमुद्रिकांतून, आकाशवाणीवरून, घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यातून. परंतु हे उत्तर वाटते तितके सरळ नाही. वसंतराव हे आयत्या वेळी गाणे फुलविणारे गायक होते, त्यांचा कालचा प्रयोग आजच्यासारखा नसे. म्हणजे रंगमंचावरील 'मूळ' खाँसाहेब ही एक गोष्ट नव्हतीच, ती दर प्रयोगाला नव्याने घडत होती. तिच्यातील एका दिवशी, एका खोलीत, ध्वनिमुद्रणाच्या ठरावीक वेळेत बसविलेले तेवढे रूप शिल्लक उरले आणि पुढच्या पिढ्यांनी तेच मूळ मानले. ज्या कलावंताने स्वतःची पुनरावृत्ती करण्याचे टाळले, त्याची हुबेहूब पुनरावृत्ती व्हावी अशी अपेक्षा नव्या नटाकडून केली जाते, हा यातील विरोधाभास होय. तरीही ही अपेक्षा केवळ चुकीची म्हणून उडवून लावता येत नाही, कारण रसास्वादात ती प्रत्यक्ष काम करीत असते. समीक्षकाला ती आवडो वा न आवडो.

येथे आपल्या रसचर्चेचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल. श्रीशंकुकाने नटाविषयीच्या प्रतीतीचे जे विवेचन केले ते पदव्युत्तर वर्गात आपण दरवर्षी शिकवतो. रंगमंचावरील नट पाहून 'हा रामच आहे' असे सम्यक् ज्ञान होत नाही, 'हा राम नव्हे' असे मिथ्याज्ञानही होत नाही, 'हा राम असेल वा नसेल' हा संशय नाही आणि 'हा रामासारखा आहे' हे सादृश्यही नाही. चित्रातील घोडा पाहून आपण त्याला घोडा म्हणतो तशी ही चित्रतुरगन्यायाने होणारी, या चारही प्रकारांहून वेगळी प्रतीती आहे. हे विवेचन सूक्ष्म आहे, पण त्यात पदे दोनच आहेत : अनुकार्य आणि अनुकर्ता, राम आणि नट. राम ही भूमिका काल दुसऱ्या कोणी केली होती आणि प्रेक्षकाच्या मनात तो कालचा राम अजून उभा आहे, ही शक्यता या मांडणीत विचारात घेतलेली नाही. 'कट्यार'च्या २०१० मधील प्रेक्षकापुढे मात्र तिघे होते : आफताब हुसेन, त्यांची भूमिका करणारे राहुल देशपांडे आणि या दोघांच्या मधे, रंगमंचावर नसलेले तरी सतत ऐकू येणारे वसंतराव. या तिसऱ्याला मी 'पूर्वनट' म्हणेन. नव्या नटाविषयी रसिक जे जे बोलतात ते सर्व या पूर्वनटाच्या अनुरोधाने बोलतात. ही संकल्पना स्वीकारली की ती सगळी विस्कळीत वाटणारी चर्चा एकाएकी अर्थपूर्ण होते.

पूर्वनट हा रसास्वादातील अडथळा आहे काय? अभिनवगुप्ताने जी सात रसविघ्ने सांगितली त्यांत प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे हेही एक आहे. आधीच्या नटाची आठवण काढीत बसलेला प्रेक्षक अशाच एखाद्या विघ्नाने ग्रासलेला आहे असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. जेथे भूमिका नवीन असते तेथे पूर्वनट नसतोच, आणि म्हणून तेथे रस अधिक शुद्ध असतो असा काही अनुभव नाही. उलट माहितीचे नाटक, माहितीचे पद, माहितीची जागा आणि ती जागा आता नवा नट कशी घेणार याची उत्सुकता, हा आपल्या संगीत नाटकाच्या आस्वादाचा कणाच आहे. 'सौभद्र' पाहायला जाणारा प्रेक्षक सुभद्रेचे लग्न कोणाशी होते हे कळावे म्हणून जात नाही.

पाश्चात्त्य अभ्यासातही याची दखल घेतली गेलेली आहे. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ मध्येच, म्हणजे 'कट्यार' रंगभूमीवर आले त्याच वर्षी, कॉन्स्टान्स येथील व्याख्यानात वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना मांडली. मार्विन कार्लसन याचे 'द हाँटेड स्टेज' (२००१) हे पुस्तक तर रंगभूमी आणि स्मृती यांच्यावरच आहे. ही मांडणी आपण जरूर वाचावी; पण ध्वनिमुद्रिकेतून आलेल्या, न पाहिलेल्या नटाच्या स्मृतीविषयी आपल्या संगीत रंगभूमीच्या अनुभवातून तिच्यात भर घालता येईल, नुसते उतरवून घेण्याची गरज नाही.

पूर्वनटाचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे पाहण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. ब्रिटनमधील बीबीसी या संस्थेने १९६३ साली 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानकथेवर आधारित दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. काळातून प्रवास करणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. विल्यम हार्टनेल या पहिल्या नटाची प्रकृती साथ देईनाशी झाली तेव्हा, १९६६ साली, मालिकाकारांनी एक युक्ती योजली : हा परग्रहवासी मरणाच्या दारी आला की त्याचे शरीर बदलते, माणूस तोच राहतो. पॅट्रिक ट्राउटन हे दुसरे डॉक्टर झाले. १९८९ मध्ये बंद पडून २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या या मालिकेचा नायक त्यानंतर अनेकदा बदलला, आणि दर वेळी तेथील रसिकांत वादंग माजले. प्रत्येक पिढीचा 'माझा डॉक्टर' वेगळा. लहानपणी जो पाहिला तो खरा, पुढचे सगळे उमेदवार. २०१७ साली जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीची निवड जाहीर झाली तेव्हा बाईने ही भूमिका करावी की नाही यावर महिनोन्महिने चर्चा झाली.

आपल्या रंगभूमीने अशी युक्ती कधी योजली नाही, कारण तिला ती आवश्यकच वाटली नाही. तेथे कथानकाला कारण द्यावे लागले. येथे जाहिरातीत नवे नाव छापले की पुरते. प्रेक्षकाने समजून घ्यायचे. आणि स्त्री-पुरुष भूमिकांच्या अदलाबदलीचे म्हणाल, तर हा प्रवास आपण उलट दिशेने कितीतरी आधी केलेला आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले, आणि भाऊरावांना पाहिलेल्या पिढीपुढे त्यांना स्वतःला सिद्ध करावे लागले. (त्याच १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, हे जाता जाता.) पुढे बालगंधर्वच पूर्वनट झाले. जयमाला शिलेदारांसारख्या अभिनेत्रींनी बालगंधर्वांच्या भूमिका केल्या तेव्हा काय घडले याचा विचार करण्याजोगा आहे. स्त्रीच्या भूमिकेत प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली, आणि तिचे लाजणे, पदर सावरणे, रुसणे हे मात्र पुरुषाच्या लाजण्या-रुसण्याच्या मापाने मोजले गेले. संहितेत याचा मागमूस नाही. संहितेत भामिनी ही स्त्रीच आहे. हा सगळा व्यवहार पूर्वनटाच्या पातळीवर घडला. केवळ संहिता वाचून 'मानापमाना'तील स्त्रीप्रतिमेवर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधकाच्या हातून तो निसटणारच.

पूर्वनट म्हणजे नेहमी पहिला नट असे मात्र नाही, आणि येथे रसिकांच्या चर्चेने मला एक गोष्ट शिकविली. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये १९७० साली श्रीराम लागू यांनी गणपतराव बेलवलकर साकारले. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली. या प्रत्येकाचे कैवारी होते. दत्ता भटांचे बेलवलकर अधिक घरगुती, अधिक 'आपले' वाटतात असे मानणारा वर्ग आजही ज्येष्ठांमध्ये भेटतो. आता आपल्या महाविद्यालयांची स्नेहसंमेलने पाहा. बेलवलकरांचे स्वगत म्हणणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी असतोच. पूर्वी ही मुले लागूंच्या आवाजातील कंप आणि हातांच्या हालचाली घेत. १ जानेवारी २०१६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि दोनतीन वर्षांत स्नेहसंमेलनातील बेलवलकर नाना पाटेकरांसारखे बोलू लागले. पूर्वनट बदलला! ज्याची प्रतिमा सहज हाताशी आहे तो पूर्वनट होतो. दत्ता भट, सतीश दुभाषी हे रंगमंचावर कितीही मोठे असले तरी नव्या मुलांच्या मनात ते पूर्वनट होऊ शकले नाहीत, आणि यात गुणवत्तेचा संबंध नाही, माध्यमाचा आहे. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात हा न्याय-अन्याय कोठेतरी नोंदविला गेला पाहिजे.

२०१५ मधील 'कट्यार'च्या चित्रपटाने तर भूमिका मधोमध चिरली. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा, आवाज महेश काळे यांचा; याच चित्रपटातील गायनासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रसिकांनी पडद्यावरील खाँसाहेबांविषयी जे वाद घातले त्यांत एक प्रश्न सतत येत असे : ज्याचा आवाज त्याचाच चेहरा का नाही? चित्रपटसृष्टीत पार्श्वगायन रुळून कैक दशके लोटली, तेथे हा प्रश्न कोणी विचारत नाही. खाँसाहेबांच्या बाबतीतच तो का पडावा? कारण येथे पूर्वनट हा गायकनट होता. गळा आणि देह एकाच माणसात असणे ही त्या भूमिकेची अट आहे असे रसिकांच्या मनात पक्के बसले होते, आणि ही अट दारव्हेकरांच्या संहितेत नसून वसंतरावांच्या देहात होती. रसिकांनी ती बरोबर ओळखली. आमच्यापैकी किती समीक्षकांनी ओळखली?

आता या सर्व चर्चेतील ज्या मुद्द्यावर माझे रसिकांशी मतभेद आहेत तो मांडतो. राहुल देशपांडे यांच्या स्वीकारामागे 'नातू आहे, रक्तातच आहे' हे वाक्य वारंवार ऐकू आले. कौतुकानेच म्हटले जात होते, पण ते या नाटकाच्या मुळावर येणारे आहे. 'कट्यार' कशाविषयी आहे? खाँसाहेब आपली गायकी घराण्याबाहेर द्यायला तयार नाहीत. पंडितजींचा शिष्य सदाशिव, जो ना त्यांच्या रक्ताचा ना त्यांच्या घराण्याचा, ती गायकी लपूनछपून ऐकत आत्मसात करू पाहतो. विद्या कुणाची, ऐकणाऱ्याची की जन्माने वारस असलेल्याची, हा या नाटकाचा प्रश्न आहे, आणि नाटकाचा कौल सदाशिवाच्या बाजूने आहे याविषयी शंका राहत नाही. ते पाहून टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकाने बाहेर येऊन नटाचा अधिकार मात्र रक्ताने ठरवावा, म्हणजे खाँसाहेबांचीच बाजू घेणे झाले.

आणि वस्तुस्थिती तरी काय आहे? वसंतरावांनी स्वतः नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापासून आरंभ करून अनेकांकडून विद्या घेतली, कोणत्याही एका घराण्याचा शिक्का स्वतःवर उमटू दिला नाही, आणि उमेदीची कित्येक वर्षे लष्करी हिशेबखात्याची नोकरी करून गाणे सांभाळले. राहुल देशपांडे यांचा जन्म १९७९ चा. आजोबा गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. पिंपळखरेबुवा, मुकुल शिवपुत्र यांच्याकडे ते शिकले. आजोबांचे गाणे त्यांना कोठून मिळाले? जेथून मूर्तिजापूरच्या आणि दर्यापूरच्या रसिकाला मिळाले तेथूनच, ध्वनिमुद्रणातून. नातू आणि श्रोता हे दोघेही या बाबतीत एकाच पायरीवर उभे आहेत. दोघेही सदाशिव आहेत, पडद्याआडून ऐकणारे. त्यांतील एकाने ते ऐकणे कष्टाने गळ्यात उतरविले, हा त्याचा अधिकार. रक्ताचा दाखला देऊन आपण त्या कष्टाचे मोल कमी करतो, आणि जो नट कोणाचा नातू नाही त्याच्यासाठी दार लावून घेतो.

हा धोका काल्पनिक नाही. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घ्या. (नावातील वऱ्हाड लग्नाचे आहे, आपला प्रांत नव्हे, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.) लेखक तेच, नट तेच, सगळी पात्रे तेच. २००९ मध्ये ते गेले तेव्हा प्रयोगही त्यांच्याबरोबर गेला असे अनेकांनी मानले. पुढे संदीप पाठक यांनी तो सादर केला, आणि मराठवाड्याच्या बोलीतील ती सगळी माणसे पुन्हा बोलू लागली. प्रश्न पडतो की पाठक यांनी धाडस केले नसते तर या संहितेचे काय झाले असते? ती ग्रंथालयात असती. पूर्वनटाचे प्रेम हद्दीबाहेर गेले की संहिता त्याच्याबरोबर सती जाते.

रसिकांच्या चर्चेत दोन मागण्या मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करणे हे समीक्षकाचे काम आहे असे मला वाटते. 'तसेच करा' ही एक मागणी. 'ओळखू येऊ द्या' ही दुसरी. पहिली नटाला नकलाकार करते. दुसरी रास्त आहे, कारण भूमिका म्हणजे रिकामे भांडे नव्हे. तिच्यात आधीच्यांनी भरलेले काही असते आणि ते ओतून टाकण्याचा अधिकार नव्या नटाला सरसकट नाही. दूरचित्रवाणीवरील एक साधे उदाहरण देतो. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) या झी मराठीवरील मालिकेत शनाया ही भूमिका रसिका सुनील करीत होत्या, २०१८ मध्ये ती ईशा केसकर यांच्याकडे गेली, २०२० मध्ये पुन्हा पहिल्या अभिनेत्रीकडे आली. पदव्युत्तर वर्गातील मुलींनी यावर जी चर्चा केली ती मी कान देऊन ऐकली. एकीचे म्हणणे, नवी शनाया जुनीसारखी नाही. दुसरीचे म्हणणे, तशी नसू दे, पण ती शनायासारखी तरी आहे का? हा फरक तिला कोणी शिकविला नव्हता. मालिकेची वाङ्मयीन योग्यता काय हा प्रश्न येथे गैरलागू आहे. आपल्या वर्गात नाटकावरील उत्तरपत्रिकांत जे विवेचन वाचायला मिळते त्याहून हे अधिक अचूक होते, एवढेच नमूद करतो. त्याच मालिकेतील नागपूरकडच्या राधिकेची बोली खरी की पुण्या-मुंबईने कल्पिलेली, यावरही आपल्याकडे वाद झाले. बोलीच्या बाबतीत प्रत्येक वऱ्हाडी माणसाच्या कानात एक पूर्वनट असतो, बहुधा त्याची आजी. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

संहितानिष्ठ समीक्षकांचा आक्षेप मी जाणतो. पात्र हे संहितेत आहे, नट येतील-जातील, साहित्याच्या विभागाने नटांचा हिशेब का ठेवावा, असे ते म्हणतील. त्यांना अमरावतीचेच उत्तर देता येईल. वीर वामनराव जोशी यांची 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' (१९१३) आणि 'रणदुंदुभी' (१९२७) ही नाटके आपण प्रादेशिक साहित्याच्या अभिमानाने शिकवितो. पहिल्यातील मृणालिनी केशवराव भोसले यांनी ललितकलादर्शमध्ये गाजविली, दुसऱ्यातील तेजस्विनी मास्टर दीनानाथांनी बलवंत संगीत मंडळीत. केशवराव १९२१ मध्ये ऐन तारुण्यात गेले. ही नाटके आज कोणी करीत नाही, पण 'रणदुंदुभी'ची पदे मात्र दीनानाथांच्या नावाने जिवंत आहेत. वसंतराव देशपांडे दीनानाथांच्या गायकीला आदर्श मानीत. म्हणजे अमरावतीच्या नाटककाराने लिहिलेल्या भूमिकेतील एका गायकनटाचे तेज, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या वऱ्हाडच्याच दुसऱ्या गायकनटामार्फत, खाँसाहेबांच्या भूमिकेत आणि तेथून २०१० च्या प्रयोगात आले. वाङ्मयीन परंपरा याहून वेगळी काय असते? वामनरावांची संहिता वाचून ही परंपरा सापडणार नाही, आणि ती न सापडल्यामुळेच वामनराव आपल्या प्रश्नपत्रिकेत 'राष्ट्रीय जागृतीची नाटके' एवढ्या एका ओळीत उरले आहेत.

२०२२ च्या 'मी वसंतराव' या निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित चित्रपटात राहुल देशपांडे यांनी वसंतरावांचीच भूमिका केली. नट स्वतःच भूमिका झाला. उद्या दुसरा कोणी वसंतराव साकारील तेव्हा त्याचे पूर्वनट राहुल असतील, आणि वसंतराव हे अनुकार्य. अशी गुंतागुंत समोर घडत असताना आपले शोधप्रबंध मात्र 'अमुक यांची नाटके : एक अभ्यास' या शीर्षकाखाली कथानक, पात्रचित्रण, संवाद, भाषाशैली या चार प्रकरणांत आटोपतात.

यावर एक सूचना करून थांबतो. १९६७ ते १९८३ या काळात वसंतरावांचे खाँसाहेब प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर या गावांत अजून आहेत. त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे. विभागाने पदव्युत्तर अभ्यासक्रमातील लघुप्रकल्पाच्या गुणांतून विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे आणि त्यांचे बोलणे त्यांच्या बोलीत, न सुधारता, ध्वनिमुद्रित करून घ्यावे. 'नाटक कसे वाटले' हा प्रश्न विचारू नये, त्याला ठरीव उत्तर मिळते. कोणत्या गावी, कोणत्या नाट्यगृहात वा मंडपात पाहिले, सोबत कोण होते, त्या रात्री कोणते पद किती वेळ चालले, पुढे २०१० चा प्रयोग किंवा २०१५ चा चित्रपट पाहिला का आणि पाहताना कोणत्या क्षणी वसंतराव आठवले, कोणत्या क्षणी आठवले नाहीत, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या वर्षी दहाबारा मुलाखती झाल्या तरी चालतील. यंत्राची अडचण नाही, प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ते आहे.